सुमनच्या हाका

माझी बायको सुमन कशाने गेली, हे आमच्या नावडे कॉलनीत कुणालाही विचारा. आजूबाजूच्या केमिकल कंपन्यांच्या वासाने गेली, असंच सांगतील. माझ्यासमोर सांगतील, माझ्याबद्दल हळहळत सांगतील. ती गेल्यानंतर विहारात तिचं पुण्यानुमोदन झालं, तेव्हा भाषणांतही तेच आलं. मी उठून खरं काय ते बोललो, पण कुणी ते मनावर घेतलं नाही. म्हणून आता लिहितो आहे.

आणखी एक कारण आहे. सिगारेट सोडल्यावर पहिले काही आठवडे माणसाचं काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारे होते, मीच त्यांना विचारू शकत नव्हतो. आज जो कुणी त्या आठवड्यांतून जात असेल, त्याला यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच.

*

मी मूळचा मंडणगडकडचा. रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होतो, तिथूनच निवृत्त झालो. सिगारेट तिथेच लागली. चाळिशीनंतर विहाराच्या कामात पडलो, गाथा पाठ केल्या, प्रशिक्षण घेतलं आणि बौद्धाचार्य झालो. आमच्या समाजात लग्न, नामकरण, गृहप्रवेश, पुण्यानुमोदन हे विधी लावतो तो बौद्धाचार्य. पांढरे कपडे घालून पुढे बसायचं आणि समोरच्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आणि पाचवं नशापाणी न करण्याचं. लोक मला गुरुजी म्हणू लागले.

एका वैशाख पौर्णिमेला मी भर विहारात जाहीर केलं की आजपासून सिगारेट बंद. टाळ्या झाल्या, फुलं देऊन सत्कार झाला. महिला मंडळातल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे मान वळवून बघितलं. तेव्हा मी खरंच सोडली होती. पण विहारात पावसाळ्यात वर्षावासाचं वाचन चालतं, ते संपायच्या आधीच परत सुरू झाली.

तोवर मला व्यसनमुक्तीवर बोलायला बोलावू लागले होते. शाळेत, दुसऱ्या विहारांत, एकदा जासईला. मी जायचो आणि बोलायचो. लोकांना सांगायचो, मनाचा निर्धार पाहिजे.

मग ओढायची कुठे? टपरीवर उभं राहता येईना. कंपनीत आमच्या कॉलनीतले दोघे-तिघे होते, तिथेही नको. पाकीट पनवेलला जाऊन घ्यायचं आणि ओढायची घरात. आमचं घर म्हणजे एक हॉल, एक किचन आणि संडास-बाथरूम. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून ओढायचो.

खिडक्या लावल्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. नावड्यात संध्याकाळ झाली की कंपन्यांचा वास सुटतो आणि सगळेच खिडक्या लावून घेतात. शेजारच्या ताई मूळच्या इथल्याच गावच्या. त्या दारातून सांगायच्या, "गुरुजी, वास लय हाय आज. खिडक्या लावा." मी बरं म्हणायचो, खिडक्या लावायचो आणि मग काडी पेटवायचो.

सुमन तिथेच असायची. कणीक मळत, लसूण सोलत, टीव्ही बघत. ती सुरुवातीला बोलायची. "आमचे गुरुजी बाहेर पांढरे आणि घरात काळे," असं म्हणायची आणि स्वतःच हसायची. नंतर बोलणं सोडलं. माझी ओढून झाली की अगरबत्ती लावायची. त्यात कुणी आलंच, तर माझ्याआधी ती म्हणायची, "कंपनीचा वास हाय ओ. कितीपण खिडक्या लावा, शिरतोच."

मला चारचौघांत डाग लागू नये म्हणून तो धूर आम्ही दोघांनी मिळून घरात कोंडून ठेवला. ओढणारा मी होतो. लपवायला ती मदत करत होती.

*

तिचा खोकला कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही, कारण मी लक्ष दिलं नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आधी ती भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर थांबायची. मग पिशवी नसतानाही थांबू लागली. मग जिन्यातच बसायची. वय झालं, म्हणायची. आमची मुलगी प्रज्ञा घणसोलीला असते. तिने डॉक्टरकडे चल म्हणून खूप मागे लागून पाहिलं, पण सुमन टाळत राहिली. आता वाटतं, डॉक्टर काय विचारतील ते तिला माहीत असावं.

एका थंडीच्या सकाळी तिला श्वासच घेता येईना. विहाराचे अध्यक्ष खालच्या मजल्यावर राहतात, त्यांच्या गाडीतून तिला पनवेलच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. संध्याकाळी डॉक्टर मॅडम खाटेशी आल्या. फुफ्फुसं बरीच खराब झाली आहेत, म्हणाल्या. हा आजार बरा होत नाही, फक्त सांभाळायचा असतो. मग त्यांनी विचारलं, "घरात कोणी बिडी-सिगारेट ओढतं?"

सुमनने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला. तेवढ्यासाठी तिने केवढा जोर लावला ते मी पाहिलं. "नाय," ती म्हणाली. "गावाला चूल होती. इथं कंपन्यांचा वास."

"काका, तुम्ही?"

मी उत्तर द्यायच्या आधी अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम, हे आमचे बौद्धाचार्य आहेत. व्यसनमुक्तीवर भाषणं देतात."

मॅडम तरीही माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हणालो, "नाही."

सुमनने मास्क परत लावला आणि डोळे मिटले.

*

हॉस्पिटलातले दिवस सगळे सारखेच असतात. पहाटे फरशी पुसणारे येतात, मग चहा, मग वाफ द्यायला सिस्टर, मग डॉक्टरांचा राउंड आणि दुपारभर नुसती वाट बघणं. नातेवाइकाला एक प्लास्टिकची खुर्ची मिळते. त्या खुर्चीवर बसून मी तिच्या छातीकडे बघत राहायचो. गळ्याजवळचा खळगा दर श्वासाला आत जायचा. ते बघून मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की सिगारेट ओढावीशी वाटायची. माझी तीच सवय होती.

मी खाली जायचो. पार्किंगच्या मागे, टोपी कपाळावर ओढून. वर येताना साबणाने हात धुवायचो, बडीशेप खायचो. सुमनच्या खाटेशी गेलो की तिला खोकल्याची उबळ यायची. ती म्हणायची, "तुमी बसा तिकडं जरा, पंख्याखाली." का ते आम्हा दोघांना माहीत होतं.

घरी सोडताना मॅडमनी सांगितलं की आता घरी ऑक्सिजनची मशीन लावावी लागेल, दिवसरात्र, थोडाच वेळ काढायची. आणि मशीन असेल त्या घरात धूर आणि आग चालणार नाही.

प्रज्ञाने मला बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं. "पप्पा, मी आईला माझ्याकडे घेऊन जाते."

"का?"

"का काय? मी त्याच घरात वाढलेय ना. मॅडमसमोर तुम्ही काय बोललात ते आईने सांगितलं मला. मला ह्यावर भांडायचं नाहीये. पण आईला त्या घरात मशीन लावून ठेवायची आणि तुम्ही आत काड्या ओढणार, हे मला नाही चालणार."

आत जाऊन तिने आईला सांगितलं. सुमन म्हणाली, "मी माझ्या घरी जाणार."

"मग पप्पा सोडणारेत का?"

"सोडतील."

"ते म्हणाले?"

"मी म्हणते ना."

मी दारात उभा होतो. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्या शब्दाला काय किंमत होती? माझ्या वतीने तीच बोलली. तिला स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर राहायचं होतं, आणि ते सगळं माझ्या एका सवयीवर येऊन थांबलं होतं.

*

मशीन भाड्याने आणली. छोट्या कपाटाएवढी, चाकं असलेली. एकसारखी घुरघुरायची आणि मध्ये मध्ये उसासा टाकल्यासारखा आवाज करायची. लांब नळी होती, त्यामुळे सुमनला किचनपर्यंत जाता यायचं. मशीन लावायला आलेल्या माणसाने बजावलं, "जवळपास मेणबत्ती नाही, अगरबत्ती नाही, गॅस लांब. सिगारेट तर पूर्ण घरात नाही. ऑक्सिजन कपड्यात, केसात बसतो. ठिणगी पडली तर विझवायला वेळ नाही मिळणार."

त्या दिवसापासून आमच्या घरात बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागली नाही. सुमन दोन फुलं वाहायची आणि आम्ही वंदना म्हणायचो. ती एक ओळ म्हणून थांबायची, तेवढ्यात मशीन उसासा टाकायची, मग पुढची ओळ.

घरातली पाकिटं मी कचऱ्यात टाकली. आता माझं मला सोडायचं होतं. त्या हॉस्पिटलात तळमजल्यावर व्यसनमुक्तीची ओपीडी होती, तिची पाटी मी रोज बघितली होती. पण तिथे जाऊन बसणार कोणत्या तोंडाने? वरच्या मजल्यावर मी सांगून ठेवलं होतं की मी ओढत नाही. जे चोरून ओढलं ते आता चोरूनच सोडायचं होतं.

पहिल्या काही दिवसांत तोंड सारखं कडू असायचं. पोट साफ होईना, कारण सकाळची सिगारेट नव्हती. उलट माझा खोकला वाढला. हातांचं काय करावं ते कळायचं नाही. मी टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या दांड्यावर आपटत बसायचो. चहात साखर कमी पडली म्हणून एकदा कप मोरीत ओतला. तो चहा तिने मशीन बंद करून, नळी काढून ठेवून, दोनदा थांबून केला होता.

तलफ सारखी नसते, हे मला तेव्हा कळलं. ती येते आणि जाते. चहानंतर यायची, जेवणानंतर यायची. सगळ्यात मोठी यायची ती संध्याकाळी, खिडक्या लावल्यावर. कडी लावल्याचा आवाज झाला की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशात चष्म्याचं घर असायचं. मी ते काढायचो, उघडायचो, परत ठेवायचो. अंगातून कुणीतरी ओढतंय असं वाटायचं.

आणि नेमकं तेव्हा सुमन हाक मारायची.

"अहो, पाणी द्या जरा."

"अहो, ही नळी कशात अडकली बघा."

"अहो, उशी वर करा."

"अहो, दारात कोण आलंय?" दारात कुणीच नसायचं.

मी वैतागायचो. एकदा म्हणालो, "पाच मिनिटं बसू देत जा की गं माणसाला."

"बसा की. आधी पंखा कमी करा."

पाणी द्यायला गेलो की स्टुलावरचा पेला भरलेला असायचा. मी तो ओतून ताजं पाणी भरायचो आणि मनात म्हणायचो, आजारी माणूस हट्टी होतं.

*

काही आठवडे असे निघाले. मला वाटू लागलं होतं की जमलं.

जासईला जुन्या सहकाऱ्याच्या नातीचं लग्न होतं. विधी मीच लावावा असा त्यांचा आग्रह होता. दिवसभरासाठी प्रज्ञा येऊन आईजवळ बसली. मी पांढरे कपडे घातले, विधीची पिशवी घेतली, लग्न लावलं. नवरा-नवरीकडून पंचशील म्हणवून घेतलं. मंडपाच्या मागे पुरुष मंडळी ओढत उभी होती, त्यांचा धूर वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत येत होता. मी गाथा म्हणत होतो आणि नाकाने तो धूर घेत होतो.

दुपारी घरी आलो. प्रज्ञाला मुलाच्या शाळेची वेळ गाठायची होती, ती लगेच निघाली. सुमन खाटेवर पडून होती. "कसं झालं लगीन?" तिने विचारलं. मी चांगलं झालं म्हणालो आणि पिशवी रिकामी करू लागलो. मेणबत्त्या, पांढरं सूत, काडेपेटी. काडेपेटी मेणबत्त्यांसाठी लागते, म्हणून ती कायम पिशवीतच. आणि बाजूच्या कप्प्यात एक चेपलेलं पाकीट निघालं. कधीचं ते आठवत नाही. त्यात एक सिगारेट होती.

मी ती घेऊन बाथरूममध्ये गेलो. दार लावलं. वरच्या खिडकीच्या काचा सवयीने बंद केल्या. बादली पालथी घालून बसलो आणि काडी ओढली.

पहिल्या झुरक्याला डोकं हलकं झालं. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. बाहेरून मशीनची घुरघुर ऐकू येत होती. मग ती थांबली.

मला वाटलं, लाइट गेली. आमच्याकडे जाते. मी मान वर केली. बाथरूमचा बल्ब जळत होता.

मी तो जळता बल्ब बघितला, आणि आणखी दोन झुरके घेतले. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दोन झुरक्यांनंतर माझ्या डोक्यात आलं की लाइट आहे आणि मशीन बंद आहे.

बाहेर आलो. सुमन खाटेच्या कडेला बसली होती. मशीनच्या भिंतीवरच्या बटणावर तिचा हात होता. नळी तिने काढून मांडीवर ठेवली होती. ओठ निळसर झाले होते, खांदे वरखाली होत होते, डोळे माझ्याकडे लागले होते. मी बटण दाबलं, नळी तिच्या नाकाला लावली. माझ्या हाताला सिगारेटचा वास होता, तेच हात मी तिच्या नाकाशी नेत होतो. ती सावरायला खूप वेळ लागला.

बोलता आलं तेव्हा तिने विचारलं, "झाली ओढून?"

"मशीन का बंद केलीस?"

"काडीचा आवाज आला. आग लागली आसती." ती थांबली. "तुमी आत होता ना. दार लावून."

म्हणजे तिला स्वतःची भीती नव्हती. आग लागली असती तर मी आत अडकलो असतो, या भीतीने तिने आपला श्वास बंद केला होता.

"मला हाक मारायची," मी म्हणालो.

"मारली की. दोन येळा. मशीनच्या आवाजात आली नसंल तुमाला."

"नाही आली," मी म्हणालो.

मला ऐकू आली होती. दोन्ही वेळा. आता पाणी मागेल, उशी मागेल, असं म्हणून मी गप्प बसलो होतो. हे तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता सांगतो आहे, तेव्हा ऐकायला ती नाही.

*

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर मॅडमना सांगितलं. सुमन शेजारी बसली होती, तिने माझ्या बाहीला धरून ओढलं, तरी सांगितलं. मी ओढायचो, घरात, खिडक्या लावून, इतकी वर्षं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

"माझ्यामुळेच झालं का?" मी विचारलं.

"चूल, बाहेरची हवा, घरातला धूर. कशाने किती, ते आता वेगळं काढता येत नाही, काका," त्या म्हणाल्या. "पण घरातल्या धुराने काही झालं नाही, असं मी तुम्हाला म्हणणार नाही."

त्यांनी मला तळमजल्यावर पाठवलं. तिथल्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं. निकोटीनचं चिंगम दिलं, ते कसं सावकाश चावायचं, गालात धरून ठेवायचं ते दाखवलं. त्याने पुष्कळ फरक पडला. ज्यांना सोडायची आहे त्यांनी लाजेपायी माझ्यासारखं एकट्याने धडपडू नये. तिने असंही सांगितलं की तलफ थोडा वेळच जोरात असते. तेवढा वेळ जागेवरून उठा, पाणी प्या, कुणाशी तरी बोला. उतरते.

मी वर आलो आणि सुमनकडे बघत राहिलो.

"काय झालं?" ती म्हणाली.

"तुला हे कुणी शिकवलं? हाका मारायचं?"

"मला कोण शिकवणार? तुमचा हात खिशाकडं गेला की मी हाक मारायची. तुमी चिडायचे, आणि चिडले की विसरायचे." तिने दम घेतला. "म्हटलं, चिडलेले परवडले."

*

त्यानंतर मी सिगारेटला हात लावला नाही. सोपं झालं असं मी म्हणणार नाही. पण काही बऱ्या गोष्टीही होत्या, त्या नाकारणं खोटेपणा होईल. वरणाला चव आली. सकाळी जिना उतरताना खोकला येईनासा झाला. सुमन हाक मारायची आणि मी न चिडता उठायचो. कधी नुसतीच हाक असायची. "काय पाहिजे?" विचारलं तर म्हणायची, "काय नाय. बसा हितं."

वासही परत येऊ लागला, आणि सगळ्यात आधी वास आला तो आमच्या घराचा. पडद्यांना, गादीला, कपाटातल्या चादरींना जुन्या धुराचा वास होता. मी पडदे धुतले. मग साबणाचं पाणी करून हॉलची भिंत पुसायला घेतली. फडका पिवळाजर्द झाला. पिळला तर बादलीत चहासारखं पाणी उतरलं. सुमन खाटेवरून बघत होती.

"हे समदं माझ्या आतपण आसंल की ओ," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरातली एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं ती म्हणाली. मी बादली उचलून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

ती आणखी काही महिने होती. मग छातीत कफ झाला, परत हॉस्पिटल, परत ती प्लास्टिकची खुर्ची. शेवटी बोलता येत नव्हतं. ती माझ्या हाताचं बोट धरून ओढायची, हाकेऐवजी. एका सकाळी ओढेना.

*

पुण्यानुमोदनाचा विधी मी दुसऱ्या बौद्धाचार्यांकडून करवून घेतला. विहार भरला होता. आदरांजली वाहताना एकेक जण सांगत होता की सुमनताईंचा बळी कंपन्यांच्या वासाने घेतला, आज त्या गेल्या, उद्या आपली पाळी. मी उठलो. म्हणालो, "मी घरात सिगारेट ओढत होतो. तुमच्यासमोर सोडली म्हणून सत्कार घेतला आणि नंतर वर्षानुवर्षं खिडक्या लावून ओढली. तिच्या छातीत तो धूर होता."

 मग अध्यक्षांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, बसा. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देत बसतो." कुणीतरी पाणी आणून दिलं. बायका डोळे पुसत होत्या. पुढचा माणूस उभा राहिला आणि परत कंपन्यांवर बोलू लागला.

घरी येताना जिन्यात प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, आज बोललात. आई असताना विहारात बोलायला हवं होतं."

मी हो म्हणालो. ती दोन पायऱ्या पुढे जाऊन थांबली, मी येईपर्यंत उभी राहिली, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

मी आता विधी लावत नाही. बोलावणं आलं तर दुसऱ्याचं नाव सुचवतो. कंपन्यांचा वास खोटा नाही. त्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी बोलावं, मीही त्यांच्यासोबत जाऊन उभा राहीन. फक्त त्यात सुमनचं नाव घ्याल तेव्हा माझंही घ्या, एवढंच मागणं आहे.

मशीन परत गेली. ती जिथे असायची तिथे फरशीवर चाकांच्या खुणा आहेत. इतकी वर्षं ज्या घरात माझ्यासाठी खिडक्या लागत होत्या, तिथे आता दिवसभर त्या उघड्या असतात. संध्याकाळी शेजारच्या ताई अजूनही दारातून सांगतात, "गुरुजी, वास आलाय." मी कडी लावतो. कडीचा आवाज झाला की हात आजही शर्टाच्या खिशाकडे जातो. त्या ओपीडीतल्या मुलीने सांगितलं होतं की हे पुढेही कधी कधी होईल, घाबरू नका.

खिशात चष्म्याचं घर असतं. मी थोडा वेळ तसाच बसतो. घरात कसलाच आवाज नसतो.

मग मी "आलो" म्हणतो आणि उठतो. स्टुलावरचा पेला भरलेलाच असतो. तो ओततो आणि ताजं पाणी भरून ठेवतो.